गेल्या वर्षीचं माप चालत नाही: घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल असेल तर

"बाई, याचं गेल्या वर्षीचं माप असेल ना तुमच्या वहीत? त्यातच एक इंच वाढवून शिवा. तो काही यायला तयार नाही."

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे, शाळेच्या युनिफॉर्मचं काम जास्त. पूर्वी ही गर्दी मेच्या शेवटी व्हायची. २०२५ पासून सहावी आणि वरच्यांची शाळा एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागली, त्यामुळे आता मार्चमध्ये मान वर करायला फुरसत नसते. आणि दर वर्षी वीस-पंचवीस आया मला वरचं वाक्य ऐकवतात. माझं उत्तर ठरलेलं: पोराला घेऊन या. गेल्या मार्चमध्ये ज्याची छाती अठ्ठावीस होती तो यंदा एकतीस असतो, पण नुसती छाती वाढलेली नसते. खांदा वेगळा, पाठीचा बाक वेगळा, उभं राहायची तऱ्हा वेगळी. एक इंच वाढवून शिवलेला शर्ट त्याला कुठेच धड बसत नाही.

मी डॉक्टर नाही, मास्तरीण नाही. बारावी झाले आणि लग्न झालं. दोन मुलं वाढवली. मुलाच्या वेळी चुका पोत्याने केल्या, मुलीच्या वेळी जरा कमी. शिवाय २०१२ पासून दुसऱ्यांची पोरं टेपने मोजतेय. त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहितेय. डॉक्टरी गोष्टी मात्र मनाने लिहिलेल्या नाहीत, विचारून घेतल्या आहेत.

माप घेताना तोंड बंद

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. सातवीतली एक मुलगी आईबरोबर आली. मी टेप लावली आणि भर दुकानात म्हणाले, "अगो बाय, किती वाढलीस गो एका वर्षात!" बाकावर आणखी चार बायका, दोन मुलगे. मुलगी काही बोलली नाही. पुढच्या वर्षी आई एकटीच आली, जुना ड्रेस घेऊन. त्याच्या पुढच्या वर्षीही. नववीला ती मुलगी मला रस्त्यात दिसली, खांदे पुढे घेऊन, दप्तर छातीशी धरून चाललेली. माझ्या एका वाक्याने तिला बाक आला असं मी म्हणत नाही. पण त्यात माझाही एक टाका होता.

तेव्हापासून दुकानात मागच्या बाजूला पडदा आहे. माप मी आकड्यांत वहीत लिहिते, मोठ्याने सांगत नाही. घरी तुम्हालाही हेच करायचंय. उंची, वजन, मुरमं, मिसरूड, आवाज, छाती यांतलं काहीही पाहुण्यांसमोर काढायचं नाही, कौतुकाने सुद्धा नाही. "आता मोठी झाली हो आमची" हे आत्याला मजेचं वाटतं, त्या मुलीला जमीन दुभंगावी असं वाटतं. एकट्यात बोला, थोडं बोला, आणि वेळेआधी बोला. पाळी आल्यावर पाळीबद्दल सांगणं म्हणजे कापड कापून झाल्यावर माप घेणं.

आता शरीराचं वेळापत्रक. मुलींचा बदल ८ ते १३ वर्षांच्या मध्ये कधीही सुरू होतो, मुलग्यांचा ९ ते १४ च्या मध्ये. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली ताडमाड आणि मुलगे त्यांच्या खांद्याला. पुढे दोन-तीन वर्षांत मुलगे भरून काढतात. छाती वाढायला लागली की साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. पहिली दोन वर्षं ती नियमित नसली तरी बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं.

वाढ सगळीकडे एकदम होत नाही हे मला पुस्तकाआधी पँटींनी शिकवलं. आधी बुटाचा नंबर बदलतो, मग तंगड्या आणि हात लांबतात, धड सगळ्यात शेवटी. त्यामुळे जूनमध्ये पँट घोट्याच्या वर गेलेली असते आणि शर्ट अजून ढगळ असतो. त्या काळात पोर पेला सांडतं, दाराला आपटतं, पायात पाय अडकून पडतं. त्याला "धांदरट" म्हणू नका. त्याच्या हातापायांची लांबी त्यालाच अजून पाठ नाही. ऐन भरात मुलगा वर्षाला नऊ सेंटिमीटर, मुलगी आठ सेंटिमीटरपर्यंत वाढते. म्हणजे तीन इंचांच्या वरच. मी पँटीला खाली तीन इंच दुमड ठेवते, आणि आया म्हणतात की बाई कापड जास्त लावतात.

मुलग्यांचं एक कुणीच सांगत नाही. या वयात जवळजवळ निम्म्या मुलग्यांची छाती थोडी सुजल्यासारखी होते, दाबलं तर दुखते. बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप उतरते. पण ते त्या पोराला माहीत नसतं. एक दिवस तो ढगळ शर्ट मागतो, मित्रांबरोबर नदीवर पोहायला जाणं बंद करतो, घरात बनियनवर फिरायचा तो टी-शर्ट काढत नाही. बाबाने एकदा स्कूटरवरून जाताना सहज सांगावं, "हे मलाही झालं होतं, जातं." झालं नसलं तरी सांगावं, माझी हरकत नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगते. मुलीत आठच्या आधी किंवा मुलग्यात नऊच्या आधी बदल दिसले तर. मुलगी तेराची झाली, मुलगा चौदाचा झाला आणि काहीच सुरू झालं नाही तर. पंधरापर्यंत पाळी आली नाही तर. पाळी सात दिवसांहून जास्त चालली, किंवा तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल तर. शेवटच्या बाबतीत रक्त कमी होऊन मुलगी वर्गात पेंगते आणि आपण तिला आळशी म्हणतो. शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते. ती घेतली का विचारा. निम्मी पोरं ती कुंपणापलीकडे भिरकावतात. जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही.

आणि एक आपल्या घरातलं. मी आयुष्यभर शिवते, आणि महिन्याचे चार दिवस मलाच कुणी शिवायचं नाही, असं आमच्या सासूबाईंचं घर होतं. माझी मुलगी बारा वर्षांची होती तेव्हा गणपतीच्या चवथीच्या आठ दिवस आधी कॅलेंडरसमोर उभी राहून बोटं मोजत होती. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या मांडवाला, हात लावता येईल की नाही याचा हिशोब. कित्येक घरांत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून कोवळ्या मुलींना देतात, डॉक्टरला न विचारता. ते कृपा करून करू नका. सोवळ्याचं काय करायचं ते तुमचं घर ठरवेल. मी काय केलं ते सांगते: त्या वर्षी तिला चवथीच्या दिवशी पाळी आली आणि मी तिला माटोळीची तोरिंगाची फळं बांधायला बसवलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. गणपती काही बोलला नाही.

मोटर लागली, ब्रेक यायचाय

पायाने चालवायच्या मशीनला मी पहिल्यांदा मोटर बसवली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सुई बोटातून गेली. हात तेच, पाय तोच, कामही तेच. पण किती दाबलं की किती पळतं, हे पायाला माहीत नव्हतं.

मुलाच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी मेंदूचं मला समजावलं तेव्हा मला माझं बोटच आठवलं. राग, हौस, भीती, मित्रांपुढे मान या सगळ्याची मोटर मेंदूत तेरा-चौदाव्या वर्षी जोरात सुरू होते. थांबवणारा, पुढचा विचार करणारा भाग कपाळामागे असतो आणि तो पिकायला साधारण पंचविशी उजाडते. मधली दहा-बारा वर्षं पोर हुशार असतं, समजूतदारही असतं, पण जोर आला की पाय दाबला जातो. मित्र बघत असतील तर आणखी जोरात. म्हणून घरात एकटा शहाण्यासारखा बोलणारा मुलगा चौघांत बसला की पुलावरून उडी मारतो.

यातून दोन कामं निघतात. भांडण पेटलं असताना शिकवण द्यायची नाही. अर्धा तास जाऊ द्या, पेज-भाजी जेवू द्या, मग बोला. आणि जिथे चुकीची किंमत जीवाने मोजावी लागते तिथे पोराच्या शहाणपणावर सोडायचं नाही, किल्ली आपल्याकडे ठेवायची. आपल्याकडे दारात स्कूटर असतेच, आणि पंधरा वर्षांचा मुलगा "कोपऱ्यावरून पाव आणतो" म्हणून ती काढतोच. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना काही घडलं तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं राहू द्या, डिचोली-साखळीच्या रस्त्यावर कितीतरी आयांनी काय मोजलं ते आपल्याला ठाऊक आहे. पाव पोदेर, म्हणजे पाववाला, दारात आणतो, तो घ्या.

झोपेचंही मेंदूचंच आहे. या वयात झोप आणणारं रसायन रात्री तास-दोन तास उशिरा तयार होतं. दहा वाजता त्याला खरंच झोप येत नाही, आणि गरज असते आठ ते दहा तासांची. इकडे बालरथ, म्हणजे शाळेची बस, सकाळी पावणेसातला वाड्यावर येऊन हॉर्न मारतो. हिशोब तुम्हीच करा. शाळेची वेळ बदलणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात एवढं आहे: रात्री साडेनवानंतर ट्यूशन नको, रविवारी फार तर दोन तास जास्त झोपू द्या, आणि सगळे मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळे म्हणजे बाबांचाही. आमच्याकडे हा नियम तीनदा मोडला, तिन्ही वेळा माझ्या नवऱ्याने.

विचारायचं कसं

"काय झालं? का गप्प आहेस?" असं समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून विचारलं की उत्तर एकच येतं: "काही नाही." तुम्ही परत विचारता, आवाज चढतो, दार आपटतं.

मला उपाय सापडला तो अपघाताने. मुलगी माझ्याबरोबर शुक्रवारी म्हापशाला यायची, अस्तर आणि बटणं घ्यायला. ती मागे, मी पुढे, दोघींच्या डोक्यावर हेल्मेट. अस्नोड्यापर्यंत गप्प, आणि मग मागून आवाज: "आई, एक सांगू? ओरडणार नाहीस ना?" मला तिचा चेहरा दिसत नव्हता, तिला माझा दिसत नव्हता, आणि पुढच्या अर्ध्या तासात कुणी उठून जाऊ शकत नव्हतं. तिची सगळी मोठी गुपितं मला त्या रस्त्यावर कळली.

म्हणून समोरासमोर नको, शेजारी-शेजारी. हाताला काहीतरी काम असलं की तोंड सुटतं. चिंचेतले चिंचोके काढणं, आमसुलं वाळत घालणं, माटोळी बांधणं, दुकानात बटणं लावणं. मुलगे तर नजरेला नजर असली की दगडच होतात. त्यांना गाडी धुताना, भिंतीला रंग देताना विचारावं. काय विचारायचं? "का" नको. "का" म्हटलं की पोर आरोपीच्या पिंजऱ्यात. "आज बालरथात कुणाशेजारी बसलास?" हा प्रश्न बारीक दिसतो, पण रोज एकच नाव येत होतं आणि एक दिवस "कुणी नाही" आलं, की तुम्हाला कळलं.

त्याने सांगितलं की पहिलं वाक्य फार जपून. मी पाढ्यासारखं एक वाक्य पाठ केलंय: "बरं केलंस सांगितलंस." मग गप्प. उपाय लगेच सांगायचा नाही. फोटो पाठवला आणि आता कुणी धमकावतंय, असं काही निघालं तरी पहिलं वाक्य हेच. मग पैसे द्यायचे नाहीत, मेसेज पुसायचे नाहीत, आणि पोराला बरोबर घेऊन पोलिसांत जायचं किंवा १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करायचा. कुणी मोठा माणूस नको तिथे हात लावतोय असं कळलं तर १०९८, मुलांची हेल्पलाइन. तो नात्यातला असला तरी, किंबहुना तो नात्यातला असला की जास्तच लवकर.

घरातल्या पैशाचं लपवू नका

आमचे हे खाणीचा माल वाहणारा टिपर ट्रक चालवायचे. स्वतःचा, बँकेच्या कर्जावर. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि टिपर दारात ताडपत्री घालून उभा राहिला. डिचोली, साखळी, सगळीकडे असे ट्रक उभे होते. मी घरी ब्लाउज शिवायचे ते सोडून बाजारात गाळा घेतला तो तेव्हा.

मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. आम्ही दोघांनी ठरवलं की त्याला कळू द्यायचं नाही. त्याच्यासमोर बोलायचं नाही, तो झोपल्यावर बोलायचं. भिंत पत्र्याची होती हे आमच्या लक्षात आलं नाही.

त्याने सहलीचं पत्रक मला दाखवलंच नाही. बुटाचा तळ सुटला होता तो फेविक्विकने चिकटवायचा. पावसात सुटायचा, संध्याकाळी परत चिकटवायचा. दहावीच्या वर्षी रोज सकाळी साडेसहाला पोटात दुखायला लागलं. रविवारी नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही, आणि मी म्हणाले, "नाटकं करतोय." आज ते आठवलं की माझ्याच पोटात दुखतं. समुपदेशक बाईंनी सांगितलं की हे दुखणं खोटं नसतं. मनावरचा ताण या वयात पोटातून, डोक्यातून, छातीच्या धडधडीतून बोलतो, कारण त्याला शब्द सापडलेले नसतात.

मग त्याची गणिताची वही सापडली. मागच्या पानावर हिशोब. टिपरचा हप्ता, आईचे महिन्याचे अंदाजे पैसे, वजाबाकी, आणि खाली: "घर – १४ महिने." त्याला वाटत होतं की बँक चौदा महिन्यांनी घर नेणार. घर तारण नव्हतंच! तारण टिपर होता. एका वाक्याने त्याची दोन वर्षांची झोप परत आली असती, आणि ते वाक्य आम्ही त्याच्या भल्यासाठी गिळून बसलो होतो.

मार्च २०१८ मध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या. तेव्हा मुलगी चौदाची. त्या रात्री जेवतानाच सांगितलं. बाबांचं काम बंद झालंय. दुकानातून महिन्याला इतके येतात, खर्च इतका आहे. घर आपलं आहे, ते कुणी नेणार नाही. तुझी ट्यूशन चालू राहील. मोबाइल मिळणार नाही, यंदा सहल नाही. हे सगळं निस्तरणं आमचं काम आहे, तुझं नाही. ती मोबाइलसाठी दोन दिवस रडली. रडू दिलं. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाली, काज करायला शिकव. शिकवलं, आणि एका काजाला दोन रुपये दिले.

तर पैशाची अडचण असेल, बाबांची नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल, आईबाबांचं पटत नसेल, तर आकड्यानिशी आणि सरळ सांगा. काय जाणार, काय राहणार, दोन्ही सांगा. मोठ्यांची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका, पण हाताला खरं, छोटं काम द्या. आणि पत्र्याच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका.

शाळा, टक्के आणि शेजारी

गोव्यात चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला पाचवीत एकदम इंग्रजी माध्यम मिळतं. गावच्या शाळेत पहिला येणारा, स्नेहसंमेलनात शिवाजी झालेला पोरगा अचानक मागच्या बाकावर गप्प. त्याला विज्ञान कळत नाही असं नसतं, त्याला प्रश्न कळत नाही. आणि हे सावट सातवी-आठवीपर्यंत पुरतं, जेव्हा शरीराचं सगळं सुरू होतं तेव्हाच. त्याला "साधं इंग्लिश येत नाही तुला" म्हणू नका. धडा आधी मराठीत सांगा, मग त्यातले दहा शब्द इंग्रजीत घोटून घ्या. मला इंग्रजी येत नव्हतं तेव्हा मी मुलीला म्हणायचे, "तू मला शिकव." ती मास्तरीण व्हायची आणि तिचाच धडा पक्का व्हायचा.

दहावीबद्दल थोडंच बोलते, कारण बाकीचे सगळे त्याबद्दलच बोलतात. परीक्षेच्या तीन महिने आधीपासून लग्न-बारशाला "किती पडतील?" विचारणाऱ्यांना तुम्ही स्वतः उत्तर द्या, पोराला देऊ देऊ नका. निकालाच्या दिवशी फोन तुम्ही उचला. निकालाच्या आदल्या रात्री, निकाल काहीही लागो, त्याला शब्दांत सांगा की उद्या संध्याकाळी आपण एकत्रच जेवणार. हे त्याला माहीत असेल असं धरून चालू नका. एखादा विषय राहिला तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. विज्ञान नको असेल तर वाणिज्य आहे, कला आहे, आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे. माझा मुलगा आयटीआय करून आज वेर्ण्याला कामाला आहे आणि मला मशीनची मोटर दुरुस्त करून देतो. शेजारच्यांचा इंजिनिअर मुलगा देत नाही.

लांब बाह्या

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका मुलीने मनगटापर्यंत बाह्या मागितल्या. एप्रिलमध्ये, डिचोलीत, जिथे दुकानातला पंखा सुद्धा घाम पुसतो. शाळेचा नियम कोपरापर्यंतचा. मी पडद्यामागे नेलं आणि माप घेताना हळूच विचारलं, "हाताला काही लागलंय का गो?" तिने हात मागे घेतला. मी बाही वर केली नाही. आईला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, ओरडू नका, पण आज रात्री तिच्याजवळ झोपा, आणि उद्या शाळेत समुपदेशकांना भेटा. ती भेटली. बाकीची गोष्ट त्या मुलीची आहे, माझी नाही.

वाईट दिवस सगळ्यांना येतात. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, खेळ, मित्र यांतलं काही बदललेलं दिसलं, अंग झाकायचा हट्ट सुरू झाला, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागला, "मी नसलो तर बरं होईल" असं हसत म्हणाला तरी, ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा: "जीव नकोसा झालाय का? मरावंसं वाटतं का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोर मोकळं होतं. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरातली औषधं आणि बागायतीतली फवारणीची औषधं कुलपात. मग १४४१६ लावा, टेलि-मानसचा नंबर. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. जीवावर बेतलेलं असेल तर १०८.

बांबोळीला गोमेकॉजवळ, म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजजवळ, आयपीएचबी हे मनोरुग्णालय आहे, तिथे मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. "बांबोळीला नेलं" ही आपल्याकडे शिवी झालीय, म्हणून लोक आधी देवाला कौल लावतात. लावा, पण तिकडून येताना बांबोळीलाही जा. १९९६ पासून गोव्यात काम करणारी 'संगाथ' संस्था आहे, तिने किशोरवयीन मुलांवर बरंच काम केलंय. पोलिसांची भीती वाटत असेल तर ऐका: २०१७ च्या कायद्याने, ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो प्रचंड ताणाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असतात.

आता मार्च जवळ आलाय. युनिफॉर्मच्या मापाला येताना पोराला बरोबर घेऊन या, आणि बुधवारी नको, बाजाराचा दिवस असतो, बाकावर गर्दी असते. दुपारी तीननंतर या. पडदा धुवून ठेवलाय.